बारा व्होल्टांची मर्यादा : मोटारीतील ध्वनिवर्धकाच्या जोडणीचा इतिहास

कारखान्यातूनच बसवून आलेल्या मोटारीच्या स्टिरिओला बाजारातून आणलेला ध्वनिवर्धक, म्हणजे दुकानांच्या बोलीतला ‘ॲम्प’, जोडण्याचे काम आजचा ऑटो इलेक्ट्रिशियन एका दुपारीत उरकतो, आणि कोणत्या रंगाची तार कोठे जाते हे त्याला तोंडपाठ असते. परंतु या तारांपैकी जवळजवळ प्रत्येक तार एखाद्या जुन्या अडचणीपोटी तेथे आलेली आहे. अडचण पुढे मिटली किंवा तिचे रूप बदलले, तार मात्र राहिली. त्यामुळे या जोडणीचा इतिहास यंत्रांच्या नामावळीपेक्षा तारांच्या आधारे अधिक नीट वाचता येतो.

शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने 1930 साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ विकायला काढला, तेव्हा रेडिओ ही गाडी घेतल्यानंतर बाहेरून बसवून घेण्याची वस्तू होती आणि ती बसवणे हा दांडगा खटाटोप होता. रेडिओचा पत्र्याचा डबा डॅशबोर्डखाली जाई, त्याच्या कळा स्टिअरिंगच्या दांड्यावर बसत व लवचिक केबलने डब्याशी जोडल्या जात, स्पीकर तिसरीकडेच असे, आणि एरियल म्हणून छताच्या कापडामागे तारेची जाळी तरी ताणत किंवा पायरीच्या फळीखाली तार तरी बांधत. इंजिनातल्या ठिणग्यांचा कडकडाट रेडिओत उतरू नये म्हणून स्पार्क प्लगच्या तारांत रोधक घालावे लागत. सर्वांत मोठी अडचण विजेची होती. त्या काळच्या रेडिओतील निर्वात नळ्यांना, म्हणजेच व्हॉल्व्हना, शंभर-दोनशे व्होल्टांचा दाब लागे आणि गाडीची बॅटरी होती अवघी सहा व्होल्टांची. ही तूट आधी गाडीच्या तळाच्या फळ्यांखाली ठेवलेल्या वेगळ्या कोरड्या बॅटऱ्यांनी भरून काढली जाई. पुढे ‘व्हायब्रेटर’ आला. विद्युतचुंबकाने सतत थरथरणारे पाते बॅटरीचा सरळ प्रवाह सेकंदाला शंभरावर वेळा तोडून उलटसुलट करी, आणि असा तुकडे पडलेला प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून नेला की त्याचा दाब हवा तितका वाढवता येई. गाडीत गाण्याच्या पाठीशी एक बारीक गुणगुण ऐकू येई, ती याच पात्याची.

ही गुणगुण 1950 च्या दशकाच्या मध्यानंतर ओसरू लागली, कारण एकीकडे अमेरिकी गाड्या सहावरून बारा व्होल्टांच्या बॅटरीवर गेल्या आणि दुसरीकडे ट्रान्झिस्टर आला, ज्याला बारा व्होल्ट पुरेसे होते. क्रायस्लरच्या गाड्यांसाठी फिल्कोने 1955 मध्ये केलेला संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ हा या बदलाचा ठळक टप्पा मानला जातो. व्हायब्रेटर गेला, ट्रान्सफॉर्मर गेला, डबा लहान झाला. मात्र या सोयीची किंमत कोणती, हे लक्षात यायला पुढची वीस वर्षे जावी लागली. स्पीकरला मिळणारी शक्ती ही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. इंजिन चालू असताना गाडीत फार तर 14.4 व्होल्ट मिळतात आणि नेहमीच्या स्पीकरचा रोध 4 ओहम असतो. या दोन आकड्यांवरून साध्या रचनेत, आवाज फाटू न देता, जेमतेम साडेसहा वॅट निघतात. स्पीकरच्या दोन्ही टोकांना दोन विरुद्ध वर्धकांनी ढकलले, म्हणजे ज्याला ‘ब्रिज’ जोडणी म्हणतात ती केली, तर हाच आकडा चौपट होऊन 26 च्या आसपास जातो, आणि प्रत्यक्षात वीसच्या मागेपुढे राहतो. स्टिरिओच्या तोंडावर ‘50 वॅट × 4’ असे छापलेले असते ते खोटे नव्हे, पण ते संगीताचे वॅट नव्हेत. ध्वनिलहरीचे शेंडे पार छाटून ती चौकोनी झाल्यावर मिळणारी ती शक्ती असते. हा घोळ आवरण्यासाठी अमेरिकेत 2003 साली सीईए-2006 नावाचे मोजमापाचे मानक ठरवावे लागले, आणि तेही ऐच्छिक होते, यातच व्यापाराची रीत दिसते.

ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग ज्या थोड्या लोकांनी 1970 च्या दशकात काढला, त्यांत ॲरिझोनातील जिम फॉसगेट याचे नाव प्रथम घेतले जाते; 1973 पासून त्याने मोटारीसाठी स्वतंत्र ध्वनिवर्धक बनवायला घेतले. असा वर्धक आधी बॅटरीचा प्रवाह तोडतो, ट्रान्सफॉर्मरने त्याचा दाब वाढवतो आणि मगच ध्वनीला बळ देतो. व्हायब्रेटरही हेच करी. पात्याची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आणि तोडण्याचा वेग सेकंदाला हजारो वेळा, म्हणजे कानाच्या टप्प्यापलीकडे गेला, एवढाच काय तो फरक. अडगळीत गेलेली युक्ती अशी डिकीत परतली. तिच्याबरोबर बॅटरीपासून डिकीपर्यंत बोटाएवढी जाड तार आली, कारण पाचशे वॅटचा वर्धक भरात असताना साठ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह ओढतो, आणि ती तार कोठे घासून उघडी पडली तर गाडी पेटू नये म्हणून बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज बसवण्याचा दंडक पडला.

वीज मिळाली, तरी ध्वनी कोठून घ्यायचा हा प्रश्न उरला. दुकानात विकल्या जाणाऱ्या स्टिरिओंना पुढे वर्धकासाठीच वेगळी क्षीण संकेताची वाट दिली जाऊ लागली. कारखान्याच्या स्टिरिओला ती सहसा नसे, कारण गाडीच्या निर्मात्याच्या दृष्टीने तेथे जोडण्यासारखे काही उरलेलेच नव्हते. मग स्पीकरकडे जाणाऱ्या तारांतूनच संकेत घेऊन तो सौम्य करणारी डबी आली. भारतीय बाजारात तिला ‘हाय-लो कन्व्हर्टर’ म्हणतात. जुन्या स्टिरिओंत स्पीकरचे एक टोक गाडीच्या सांगाड्यालाच, म्हणजे अर्थला, बांधलेले असे, म्हणून पहिल्या काळातल्या डब्यांनी सगळी ऋण टोके बेधडक एकत्र केली. ब्रिज जोडणी आल्यावर ही सवय घातक ठरली, कारण त्या रचनेत दोन्ही टोकांवर बॅटरीच्या दाबाच्या निम्मा, म्हणजे सुमारे सहा व्होल्टांचा दाब सतत असतो आणि एक टोक अर्थला लागताच स्टिरिओतील वर्धकाची चिप जळू शकते. त्यातून आत छोटा ट्रान्सफॉर्मर ठेवून दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने विलग करणाऱ्या डब्या निघाल्या. अर्थची जागा चुकली तर अल्टरनेटरची शीळ इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत स्पीकरमधून ऐकू येते. ट्रान्सफॉर्मरने या उपद्रवावरही उतारा मिळाला.

या सर्वांत निळ्या तारेचा प्रवास सर्वाधिक मनोरंजक आहे. वर्धकाला ‘आता चालू हो’ असे सांगणारी ही बारीक तार मुळात वर्धकासाठी नव्हतीच. रेडिओ लावताच एरियलची दांडी मोटरने वर चढावी म्हणून ती दिलेली असे, आणि जोडणाऱ्यांनी तिच्यावरच वर्धक टांगला. नंतर स्टिरिओवाल्यांनी त्यासाठी निळी-पांढरी अशी वेगळी तार दिली. एरियल काचेत विरघळले आणि कारखान्याच्या स्टिरिओतून ही तार नाहीशी झाली, तेव्हा वर्धकांच्या निर्मात्यांनी स्पीकरच्या तारांवरील त्याच सहा व्होल्टांकडे लक्ष वळवले : ते दिसले की स्टिरिओ चालू आहे असे वर्धकाने समजावे. पूर्वी ज्या दाबाने चिपा जाळल्या, तोच असा निरोप्याचे काम करू लागला.

दरम्यान कारखानेही स्वस्थ बसले नव्हते. अमर बोस हे कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेल्या एका बंगाली क्रांतिकारकाचे पुत्र आणि एमआयटीतील प्राध्यापक होते. त्यांच्या कंपनीने जनरल मोटर्सच्या डेल्को विभागाबरोबर तयार केलेली ध्वनिव्यवस्था 1983 च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांत आली. तीत प्रत्येक स्पीकरच्या पेटीला स्वतःचा वर्धक होता आणि त्या विशिष्ट गाडीच्या आसनांचा, काचांचा व कापडाचा विचार करून ध्वनीचे चढउतार आधीच ठरवलेले होते. जोडणाऱ्याच्या बाजूने पाहता ही मोठीच गोची होती, कारण तारेतून मिळणारा ध्वनी आता मूळ राहिला नाही. तो दुसऱ्या स्पीकरांच्या उणिवा झाकण्यासाठी वाकवलेला होता.

महाराष्ट्रात, किंबहुना भारतातच, हा क्रम उलटा दिसतो. पद्मिनी, अँबॅसिडर आणि 1983 च्या अखेरीस आलेली मारुती 800 यांच्या साध्या आवृत्त्यांत स्टिरिओच नसे. टेप, स्पीकर आणि नंतर बास ट्यूब हे सगळे बाजारातून घ्यायचे असल्यामुळे कारखान्याच्या यंत्रणेशी झगडण्याचा प्रसंगच येत नव्हता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गासारख्या, बाजारांत सुटे भाग मिळत. स्विफ्टसारख्या गाड्यांच्या वरच्या आवृत्त्यांतून 2005 नंतर डॅशबोर्डच्या घडणीतच मिसळलेला स्टिरिओ येऊ लागला, तेव्हा येथेही ‘हाय-लो’ आणि ‘कपलर’ हे शब्द रुळले. कपलर म्हणजे कारखान्याच्या जोडखिळीत बसणारी अशी आयती वेणी, की जिच्यामुळे तार कापावी लागत नाही आणि वॉरंटीचा वाद उद्भवत नाही.

परदेशात मात्र गुंता याआधीच वाढला होता. बीएमडब्ल्यूच्या 2001 च्या सेव्हन सिरीजने ध्वनी तांब्याऐवजी प्रकाशतंतूतून, ‘मोस्ट’ नावाच्या जाळ्यावरून, आकड्यांच्या रूपात खेळवला; अशा गाडीत स्टिरिओ आणि कारखान्याचा वर्धक यांच्यामध्ये टोचून घेता येईल असा संकेतच उरत नाही. परिणामी कारखान्याच्या वर्धकाच्या पलीकडे जाऊन सगळ्या स्पीकरांच्या तारा गोळा करायच्या, तुकड्यातुकड्यांत वाटलेला ध्वनी आकडेमोडीने पुन्हा सांधायचा आणि वाकवलेला सपाट करायचा, असा उलटा प्रवास सुरू झाला. काही यंत्रणा स्पीकर काढल्याचे ओळखून संकेतच बंद करतात, म्हणून त्यांच्या समाधानासाठी तारांच्या टोकांना स्पीकरऐवजी नुसते रोधक बांधून ठेवावे लागतात. त्याहून अवघड प्रकार इंजिनाची घरघर पुसणाऱ्या गाड्यांचा आहे : छतातील मायक्रोफोन ती घरघर ऐकतात आणि कारखान्याचा वर्धक तिच्या विरुद्ध लहर स्पीकरांतून सोडतो. तेथे नवा वर्धक जोडला की ती विरुद्ध लहरही त्याच्यातून अनेक पटींनी मोठी होऊन बाहेर पडते, रेडिओ बंद असतानाही गाडी घुमू लागते, आणि जोडणारा छताचे अस्तर उचलून मायक्रोफोनची तार सोडवतो.