अंगातली दुसरी

चित्रपट सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील. शेजारच्या खुर्चीतल्या बाई नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाल्या, "हिच्या अंगात ती मेलेली आलीय बघा." त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. पुढचा दीड तास त्या जागच्या हलल्या नाहीत.

चित्रपट होता २०१८ चा ‘सविता दामोदर परांजपे’. दिग्दर्शन स्वप्ना वाघमारे जोशी यांचं, निर्माता जॉन अब्राहम. शरद अभ्यंकरच्या भूमिकेत सुबोध भावे आणि त्याची बायको कुसुम झालेल्या तृप्ती तोरडमल. कुसुमचं दुखणं वर्षानुवर्षांचं, कुठल्याच डॉक्टरला न सापडणारं. पुढे काय होणार ते प्रेक्षकाला फार लवकर कळतं. पार्श्वसंगीत तर दार उघडायच्या आधीच सांगून मोकळं होतं. तरीही कुसुमचा आवाज बदलतो, मान वेगळ्या कोनात वळते, ओळखीच्या चेहऱ्यावर अनोळखी हसू येतं, तेव्हा सगळं थिएटर गप्प होतं. चित्रपट तरतो तो तेवढ्याच जोरावर. गोष्ट ठाऊक असूनही माणसं बसून का राहतात, हे शोधत मागे मागे गेलो तर मी आमच्या धाराशिव जिल्ह्यातच येऊन पोचलो.

आधी चित्रपटाचं ते नाव बघा. सविता, वडील दामोदर, आडनाव परांजपे. शाळेच्या हजेरीपटात असावं तसं पूर्ण नाव. कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर आहे, आणि आमच्याकडे तो प्रश्न लहान पोरालाही माहीत असतो: "कोण हाईस तू?"

तुळजापूरला पौर्णिमेच्या गर्दीत किंवा येरमाळ्याच्या येडेश्वरीला चैत्राच्या यात्रेत संबळ वाजायला लागला की एखाद्या बाईला वारं येतं. केस सुटतात, घुमणं सुरू होतं. सोबतची जाणती म्हातारी पुढे होते, कपाळाला भंडारा लावते आणि हाच प्रश्न विचारते. उत्तर बहुतेकदा देवीचं असतं. कधी ते घरातल्या मेलेल्या माणसाचं असतं, आणि मग आजूबाजूच्या नातेवाइकांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. त्या बाईला एरवी घरात बोलायची सोय नसते. त्या दहा मिनिटांत मात्र ती बोलते आणि सगळे ऐकतात. खरोखर आजारी बाईला डॉक्टरकडेच न्यायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इथे मी बोलतोय ते त्या प्रसंगाच्या घडणीविषयी. विचारणारा एक, अंगात आलेली एक, आणि भोवती उत्तराचा अंदाज असलेली माणसं. मनोविकाराच्या चित्रपटातला डॉक्टर रुग्णाला खुर्चीत बसवून नाव विचारतो, तिथेही मांडणी हीच असते.

याहून जुनी आणि मुकी खूण आमच्या आजीच्या पिढीच्या गळ्यात असायची. पहिली बायको वारलेल्या माणसाशी लग्न झालं की दुसरी मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायची. चांदीचा, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर उभी बाई कोरलेली. सणाला त्याला हळदकुंकू लागायचं, नैवेद्य दाखवायचा. पहिलीनं दुसरीला त्रास देऊ नये म्हणून हा मान. एक बाई दुसरीला जन्मभर छातीशी बाळगून संसार करते, ही कल्पना कुठल्याही पटकथेच्या कितीतरी आधीची आहे.

आता गोंधळाकडे येऊ, कारण अंगात येण्याची कला झाली ती इथे. गोंधळ्यांत दोन शाखा मानतात: तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई. परशुरामानं बेटासुराला मारून त्याच्याच शरीरापासून तुणतुणं केलं आणि आईपुढे वाजवलं, तो पहिला गोंधळ, अशी त्यांची कथा. ग्रंथांतही हा धागा लांबवर जातो. उमरग्याच्या पलीकडे, आता कर्नाटकात असलेल्या कल्याणच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात ‘गोंडली’ नृत्याचा उल्लेख सापडतो.

लग्नानंतरचा गोंधळ ज्यानं रात्रभर जागून पाहिलाय त्याला हे चित्र सांगायला नको. पाटावर चौक भरलेला, मधे कलश, बाजूला तेलानं निथळणारी दिवटी. एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हातात तुणतुणं, आणि पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ घातलेला नायक. गावोगावच्या देवांना बोलावणं झालं की आख्यान लागतं. हरिश्चंद्राचं काय होणार हे अंगणातल्या प्रत्येकाला पाठ असतं. कुणी गोष्ट ऐकायला आलेलं नसतं. तारामतीच्या तोंडचं वाक्य बोलताना हा मिशीवाला माणूस खांदा कसा पाडतो, सुस्कारा टाकून संबळवाल्याला कधी गप्प करतो, ते बघायला लोक आलेले असतात. मधे साथीदार संपादणीत हसवतो. लगेच तोच नायक परत बाई होतो, आणि आत्ताच हसलेल्या बायका पदर डोळ्याला लावतात.

या आख्यानांत एक आहे ‘जांभूळ आख्यान’. व्यासांच्या महाभारतात ते नाही; ते लोकांच्या महाभारतातलं आहे. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, गाभा तोच राहतो. कर्णाला पाहून द्रौपदीचं मन ओढ घेतं. कृष्णाला ते कळतं. तोडलेलं जांभूळ परत देठाला लागायचं असेल तर प्रत्येकानं मनातलं खरं सांगायला हवं, असा पेच पडतो. पांडव एकेक खरं बोलतात, फळ वर चढत जातं. द्रौपदी लपवते, आणि ते खाली येतं. ती काय लपवतेय ते प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत असतं. सगळा ताण एवढाच, की हे तिच्या तोंडून बाहेर कसं पडणार. मनाच्या तळाशी दडलेलं जगासमोर बोलायला लावणारी याहून नेटकी रचना मला कुठे आढळलेली नाही.

परभणीचे गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम यांनी हे आख्यान मराठवाड्यात गाजवलं आणि शाहीर विठ्ठल उमपांनी ते शहरातल्या रंगमंचावर नेलं. उमप द्रौपदी व्हायचे तेव्हा पिकल्या वयाचा पुरुष समोर आहे हे क्षणात विसरायला व्हायचं. २०१० साली ते गेले. पुढे नंदेश उमपांनी वडिलांचं हे आख्यान चालू ठेवलं.

एका बाईतून दुसरी बोलू लागण्याचा हा प्रसंग पडद्यावर बऱ्याच देशांत घडला. १९५७ च्या ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’मध्ये एका बाईतल्या तीन बायका साकारून जोअ‍ॅन वुडवर्डनं ऑस्कर मिळवलं. आपल्याकडे १९६७ च्या ‘रात और दिन’नं नर्गिसला राष्ट्रीय पुरस्कार दिला, आणि १९९३ च्या मल्याळी ‘मणिचित्रताळ’नं शोभनाला. दर वेळी मान नटीला मिळाला, आणि तो योग्यच होता. मराठीत १९७६ सालचा वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आशा काळे यांनी पेलला. त्यातली गाणी आजही लोकांच्या ओठांवर आहेत.

पण मराठीत या प्रसंगाचा खरा कळस नाटकात झाला. १९८५ साली शेखर ताम्हाणे यांचं ‘सविता दामोदर परांजपे’ रंगमंचावर आलं, कुसुम होत्या रीमा. इथे ना कॅमेरा जवळ जाणार, ना मागे सतत व्हायोलिन. आवाज आणि अंग, एवढंच भांडवल. ते नाटक पाहिलेली माणसं आजही कथानकापेक्षा रीमांचं घोगरं बोलणं आणि वळून पाहणं सांगतात. पुढे १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’पासून हिंदी पडद्यानं त्यांना मायाळू आईच्या साडीत बसवलं. ज्या बाईनं एका देहात दोघींना उभं केलं होतं तिच्याकडून सिनेमानं एकीचंच काम घेतलं, याची मला मनापासून हळहळ वाटते. एप्रिल २०१७ मध्ये आमच्या धाराशिवात ९७वं नाट्यसंमेलन भरलं, आणि पुढच्याच महिन्यात, १८ मे रोजी, रीमा गेल्या. वर्षभरानं चित्रपट आला.

तेव्हा तृप्ती तोरडमल यांच्या त्या चित्रपटाला ‘कथा आधीच कळते’ म्हणून नावं ठेवणं मला पटत नाही. या जातीची कथा कळलेलीच असते, मुळापासून. चित्रपट कमी पडतो तो जिथे बाईवर भरवसा न ठेवता दचकवायला जातो तिथे.

आणि नुसत्या आवाजानं, अंगानं हा प्रसंग पेलणारी माणसं तयार व्हायची ती आख्यानात. हल्ली मंगल कार्यालयाची वेळ संपत आलेली असते म्हणून गोंधळ तासाभरात उरकतात: देवांना बोलावणं, दोन गाणी, आरती, ताट. आख्यान गळतं. घरात लग्न काढलं असेल तर गोंधळ्यांना सुपारी देताना एवढं करा. कुठलं आख्यान लावणार ते नायकाला विचारा, आणि त्याला रात्र द्या.