‘ब्रह्मचारी’ (१९३८) आणि मराठवाड्यातला प्रेक्षक

मंडळी, १९३८ सालचा ‘ब्रह्मचारी’ हा कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा चित्रपट. बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांनी दोन वर्षं आधी ही संस्था काढली होती. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन विनायकांचं, नायकही तेच. गोष्ट अशी. औदुंबर नावाचा एक साधा तरुण ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकतो आणि पेटून उठतो. जपून ठेवलेली नट्यांची चित्रं फेकून देतो, व्यायाम आणि संयम शिकवणाऱ्या संस्थेत दाखल होतो. तिथे येते किशोरी, म्हणजे मीनाक्षी शिरोडकर. तिला हा आवडतो, आणि ती ते लपवत नाही. मग व्रताचं काय होतं, ते तुम्ही काल पाहिलंतच.

त्याच काळात अमेरिकेत अशा विनोदपटांना बहर आला होता. तिथे त्यांना ‘स्क्रूबॉल’ म्हणत. हा शब्द बेसबॉलमधला. अचानक भलतीकडेच वळणारा चेंडू तो. या चित्रपटांत पुरुष आपल्या तंद्रीत असतो आणि बाई त्याला त्या तंद्रीतून खेचून बाहेर काढते. १९३४ पासून तिथे सेन्सॉरचे नियम कडक झाले, शृंगार सरळ दाखवता येईना, म्हणून भांडण, पळापळ आणि फजिती यांतून प्रेम सांगायची रीत पडली. ‘ब्रह्मचारी’च्याच साली हॉवर्ड हॉक्स यांचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ आला. त्यात प्राण्यांच्या हाडांत बुडालेला एक शास्त्रज्ञ आहे, आणि पाळलेला बिबट्या घेऊन त्याच्या आयुष्यात घुसणारी कॅथरीन हेपबर्न. आज तो चित्रपट अभिजात मानतात, पण तेव्हा तो फारसा चालला नाही. उलट थिएटरवाल्यांच्या एका संघटनेने त्याच वर्षी हेपबर्नबाईंची गणना गल्ल्याला मारक कलाकारांत केली. तेव्हा प्रेक्षकांचं एकमत होत नाही ही गोष्ट काही आपल्याकडचीच नाही.

आता कालच्या चर्चेकडे येऊ. इथे किल्लारीत खेळ संपल्यावर लोक उठून गेले नाहीत, याचाच आम्हाला आनंद झाला. मागे बसलेल्या एक आजी सगळ्यांत आधी बोलल्या, “ते पोरगं उगंच ताठा करायलंय, पोरीला सगळं कळायलंय.” समीक्षा म्हणून हे वाक्य आमच्या पुढच्या दहा वाक्यांपेक्षा सरस आहे. कॉलेजातल्या काही मुलांना चित्रपट संथ वाटला, संवाद नाटकासारखे वाटले. ते खरंच आहे. अत्रे आधी नाटककार, आणि ‘साष्टांग नमस्कार’चा लेखक इथे पदोपदी जाणवतो. पण एका निवृत्त गुरुजींनी जो आक्षेप घेतला, त्याने आम्हाला रात्री झोप लागू दिली नाही. ते म्हणाले, “ज्या व्रतावर आमचा भाग उभा राहिला, त्याची ही टिंगल आहे. मला हसू आलं नाही.”

मंडळी, हा आक्षेप सोवळेपणाचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. १९३८ साली किल्लारी मुंबई इलाख्यात नव्हती. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, जिल्हा उस्मानाबाद. लातूर जिल्हा तर पुढे १९८२ साली झाला. इथून फार लांब नाही असं हिप्परगा. तिथल्या राष्ट्रीय शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक होते. ते अविवाहित राहिले, संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. ऑक्टोबर १९३८ मध्ये बंदी असलेल्या स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते तुरुंगात गेले. महिन्याभरातच ‘वंदे मातरम्’साठी उस्मानिया विद्यापीठातले विद्यार्थी उठले, त्यांना काढून टाकण्यात आलं, आणि पुष्कळांना शिकायला नागपूर गाठावं लागलं.

आणखी एक बारीक गोष्ट बघा. औदुंबर पेटतो तो जाहीर भाषण ऐकून. या भागात जाहीर सभा घ्यायची तर निजाम सरकारची गश्ती नंबर ५३ आडवी यायची, आधी परवानगी काढा! पुण्यात भाषणांचा सुकाळ होता, म्हणून भाषणबाजीची चेष्टा करता आली. आपल्याकडे भाषण हीच दुर्मीळ वस्तू होती.

सरहद्दीपलीकडे त्या वर्षी चित्र काय होतं? मुंबई इलाख्यात जुलै १९३७ पासून बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. खादी, त्याग, संयम हे शब्द आता सत्तेच्या ओसरीवर येऊन बसले होते. ज्याला समाजात वर चढायचं, तो हे शब्द उसने घेऊ लागला होता. अत्र्यांनी चिमटा काढला तो या उसनेपणाला, असं आमचं मत आहे. औदुंबराला व्रत कशासाठी हवंय हे त्यालाच ठाऊक नाही. भाषण ऐकलं, चढलं, एवढंच. ज्याने व्रताची किंमत मोजली असा माणूस चित्रपटात कुठेच नाही. तसा एक असता तर हा विनोद टिकला नसता, हेही आम्ही कबूल करतो. गुरुजींना नेमकी तीच रिकामी जागा दिसली. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ती दिसण्याचं कारण नव्हतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोरचे देशभक्त त्या वर्षी मंत्री झालेले होते आणि आपले तुरुंगात होते.

म्हणून ‘त्या काळी लोकांना चित्रपट आवडला’ असं एका वाक्यात लिहिणारे आमचे इतिहासकार मित्र थोडी घाई करतात. कुठल्या लोकांना? कुठल्या राज्यातल्या?

राहिला मीनाक्षीबाईंचा पोहण्याचा पोशाख. या चित्रपटाचं नाव काढलं की ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं लोक एवढंच आठवतात. मराठी पडद्यावर घरंदाज वाटणारी नायिका असा पोशाख घालून पाण्यात उतरते, गाणं म्हणते, यावर तेव्हा गहजब झाला आणि गर्दीही झाली. टीका करणारे आणि तिकीट काढणारे बहुधा तेच लोक असावेत! काल मात्र बारावीतल्या एका मुलीने वेगळाच प्रश्न काढला. ती म्हणाली, पोशाखाचं काही नाही, पण किशोरी एवढी हुशार, एवढी धीट, आणि ती सगळी अक्कल वापरते कशासाठी? या असल्या मुलाला लग्नाला तयार करण्यासाठी?

बायकांच्या बाजूला मोठा हशा झाला, पण मुलगी हसत नव्हती. आमच्यापुरतं सांगायचं तर या चित्रपटात स्वतःला काय हवंय हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती आहे, ती किशोरी, आणि १९३८ साली तेवढंही थोडं नव्हतं. त्या मुलीला हे उत्तर दिलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण सर, तिने मागितलं काय ते बघा ना.”