सोळावा लघुग्रह, सोळा आणे लोखंड?

१/ १७ मार्च १८५२. इटली हे एकसंध राष्ट्र अद्याप अस्तित्वात यायचे होते. नेपल्सवर बूर्बाँ घराण्यातील दुसऱ्या फर्डिनांडची सत्ता होती. तेथील कापोदिमोन्ते वेधशाळेत आन्निबाले दे गास्पारिस यांना मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात एक नवा लघुग्रह गवसला. शोधक्रमाने तो सोळावा. ग्रीक भाषेत आत्म्याचा वाचक असलेले ‘सायकी’ हे नाव त्याला मिळाले.

२/ त्या काळी नामकरणही राजकारणापासून अलिप्त नव्हते. दे गास्पारिस यांनी १८४९ मध्ये शोधलेल्या लघुग्रहाला राजघराण्याच्या गौरवार्थ ‘इजेआ बोर्बोनिका’ म्हटले गेले. खगोलज्ञांनी त्यातील ‘बोर्बोनिका’ लवकरच गाळले. १८६१ पर्यंत ते राज्यही इटलीत विलीन झाले.

३/ सायकीला राजाचे नाव चिकटले नाही, खजिन्याची कीर्ती मात्र चिकटली. १९८०च्या दशकात पृथ्वीवरून सोडलेल्या रडारलहरी त्याच्यावरून असाधारण जोराने परतल्या. धातूच्या पृष्ठभागावरून लहरी अशाच परततात. त्यामुळे एका तर्काला बळ मिळाले : हा एखाद्या बालग्रहाचा लोह-निकेलचा गाभा असावा आणि त्यावरील खडकाळ कवच प्राचीन टकरींत उडून गेले असावे.

४/ संशोधकांना यात पृथ्वीच्या अगम्य गाभ्याचा नमुना दिसला. वर्तमानपत्रांना पैसा दिसला : एकावर एकोणीस शून्ये, इतके डॉलर! या हिशेबात दोन गृहीतके दडलेली होती. एक, हा पिंड जवळजवळ निखळ धातूचा आहे. दुसरे, एवढा माल बाजारात उतरूनही भाव पडणार नाही.

५/ पहिल्या गृहीतकाला तडा गेला तो घनतेमुळे. इतर पिंडांवरील गुरुत्वीय ओढीवरून वस्तुमान काढता येते. त्याला आकारमानाने भागले की घनता मिळते. सुमारे २२० किलोमीटर व्यासाच्या सायकीची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ४ ग्रॅम भरते. लोखंडाची ७.९ आहे. त्यामुळे आता त्याच्या आकारमानातील धातूचा वाटा ३० ते ६० टक्के मानला जातो. सोळा आणे नव्हे. फार तर साडेनऊ.

६/ नासाचे ‘सायकी’ यान १३ ऑक्टोबर २०२३ रोजी निघाले असून २०२९ मध्ये तेथे पोहोचणे नियोजित आहे. त्यावरील चुंबकत्वमापक प्राचीन चुंबकीय क्षेत्राच्या खुणा शोधील. त्या आढळल्या, तर हा एकेकाळचा वितळलेला गाभा होता, या जुन्या तर्काला पुन्हा आधार मिळेल.