पोपट कोणाला हाक मारतो?

नगर-मनमाड रस्त्याने जाताना कोल्हार-भगवतीपूरला प्रवरा नदीवरचा पूल लागतो. संध्याकाळी या पुलाजवळ थोडा वेळ थांबले, तर डोक्यावरून पोपटांचे थवे जाताना दिसतात. खरे म्हणजे ते दिसण्याच्या आधी ऐकू येतात. दिवसभर पेरूच्या बागांत आणि शेतांत पांगलेले हे पक्षी रात्रीच्या मुक्कामाच्या झाडांकडे निघालेले असतात आणि उडताना सारखे ओरडत असतात. राहाता तालुक्यातल्या बागायतदाराला हा आवाज चांगलाच परिचयाचा आहे. तो ऐकला की त्याचा हात गोफणीकडे जातो.

शहरांत, आणि आता लहान गावांतही, काही घरांत एक वेगळा पोपट दिसतो. अंग राखाडी, चोच काळी, शेपटी लालभडक. हा आफ्रिकेतला करडा पोपट. तो पाळणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. हा घरातल्या एकाच माणसाला एवढा बिलगतो का? आणि तो माणूस नजरेआड झाला की घर डोक्यावर का घेतो? शेजारी तक्रार करू लागले की पिंजऱ्यावर कापड पडते. तेवढ्याने भागले नाही, तर पोपटाची दुसऱ्या घरी रवानगी होते.

आम्हाला असे वाटते की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पोपटाची ओढ आणि पोपटाचा आवाज या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. हे समजून घेण्यासाठी माणसाच्या आणि पोपटाच्या सहवासाचा इतिहास थोडा चाळायला हवा. योगायोगाने त्यातले एक महत्त्वाचे पान प्रवरेच्याच काठी सापडते.

नळीवरचा पोपट

कोल्हारहून प्रवरेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की नेवासे येते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी येथे सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात पोपट पकडण्याच्या सापळ्याचा दृष्टान्त आहे. या सापळ्यात फासा नसतो, जाळे नसते, चीकही नसतो. असते ती फक्त एक मोकळी फिरणारी पोकळ नळी. पोपट नळीवर बसला की त्याच्या वजनाने ती फिरते आणि तो उलटा लटकतो. आता त्याने पाय सोडले तर तो सहज उडून जाईल. पण घाबरलेला पोपट नळी अधिकच घट्ट धरतो. आपण बांधले गेलो आहोत, अशी त्याची समजूत होते आणि पारधी येऊन त्याला अलगद उचलतो.

ज्ञानेश्वरांना यातून माणसाविषयी सांगायचे होते. पण विज्ञानाच्या शिक्षकाला या दृष्टान्तात एक नेमके निरीक्षणही दिसेल. पोपटाच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. अशा पायाची पकड सांडशीसारखी बसते. फांदीला लटकून फळ खाणाऱ्या पक्ष्याला ही पकड म्हणजे मोठेच वरदान. सापळा रचणाऱ्याने नेमका तिचाच उपयोग करून घेतला. पक्ष्याचा सर्वांत उपयोगी गुणच त्याला अडकवतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

शब्दांचे कौतुक

नेवाशापलीकडे प्रवरा गोदावरीला मिळते आणि गोदावरीच्या काठी पुढे पैठण आहे. सातवाहनांच्या या राजधानीशी गाथासप्तशतीचे नाव जोडले जाते. महाराष्ट्री प्राकृतातल्या या संग्रहातील एका गाथेत आकाशातून उतरणारा पोपटांचा थवा आहे आणि त्याला पाचू-माणकांच्या माळेची उपमा दिलेली आहे. तो पोपट मोकळा आहे आणि थव्यात आहे.

घरातला पोपटही तितकाच जुना. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये पोपट आणि मैना यांना बोलायला शिकवणे ही एक कला आहे. अमरुशतकात तर नवरा-बायकोचे रात्रीचे बोलणे ऐकून घरचा पोपट सकाळी ते वडीलधाऱ्यांसमोर म्हणू लागतो आणि लाजलेली सून डाळिंबाचा दाणा म्हणून कर्णभूषणातले माणिकच त्याच्या चोचीत सारते. इ.स.पूर्व ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारी असलेल्या क्टेसियस या ग्रीक वैद्याने हिंदुस्थानातल्या बोलणाऱ्या पक्ष्याविषयी लिहून ठेवले आहे. हा पक्षी तिकडची भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल, असे तो म्हणतो.

या सर्व उल्लेखांत कौतुक आहे ते पोपटाच्या तोंडच्या आपल्या शब्दांचे. त्याच्या स्वतःच्या आवाजाकडे मात्र कोणी फारसे लक्ष दिलेले नाही. अर्थ न समजता पाठ केलेल्या बोलण्याला आपण ‘पोपटपंची’ म्हणतो, तेही याच दृष्टीतून. पोपट बोलतो का, हा प्रश्न हजारो वर्षे विचारला गेला. तो मुळात कशासाठी बोलतो, हा प्रश्न मागेच राहिला.

आफ्रिकेचा पाहुणा

करडा पोपट पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जंगलांचा रहिवासी. त्याची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर आणि वजन साधारण ४०० ग्रॅम असते. नीट सांभाळ झाला तर तो ४० ते ६० वर्षे जगू शकतो. समुद्रमार्गाचा व्यापार वाढला तसा तो युरोपातल्या श्रीमंतांच्या घरी पोचला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये रिचमंडच्या डचेस फ्रान्सेस स्टुअर्ट यांचा मेणाचा पुतळा आहे आणि त्याच्यासोबत त्यांचा पेंढा भरलेला करडा पोपट आहे. डचेस १७०२ मध्ये वारल्या. पोपट त्यांच्याजवळ चाळीस वर्षे होता आणि त्यांच्यामागोमाग थोड्याच दिवसांत गेला, असे सांगतात.

अशा कथांत भावनेचा भाग किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण माणसाला एवढी ओढ लावणारा हा पक्षी जंगलात कसा राहतो? तेथे त्याची जोडी दीर्घकाळ टिकते. अनेक जोड्या मिळून मोठ्या थव्याने रात्री एका ठिकाणी मुक्काम करतात, दिवसा लहान गटांनी चरायला जातात. दाट पानांत जोडीदार दिसत नाही. अशा वेळी संपर्क राहतो तो हाकेने. “मी येथे आहे, तू कोठे?” एवढाच तिचा आशय. उत्तर आले की काम झाले. उत्तर नाही आले, तर पुढची हाक अधिक मोठी.

या हाका किती व्यक्तिगत असतात, हे व्हेनेझुएलातल्या एका छोट्या पोपटाच्या जातीवरील अभ्यासात दिसून आले. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. घरट्यात कॅमेरे बसवून संशोधकांनी हाका ध्वनिमुद्रित केल्या आणि काही घरट्यांतल्या अंड्यांची अदलाबदलही केली. पिल्लांच्या हाका वाढवणाऱ्या पालकांच्या हाकांशी जुळल्या, जन्मदात्यांच्या नव्हे. म्हणजे हाक रक्तातून येत नाही, घरात शिकली जाते, बारशाच्या नावासारखी.

आता पिंजऱ्यातल्या करड्या पोपटाकडे पाहू. त्याचा थवा म्हणजे घरातली चार माणसे आणि जोडीदार म्हणजे त्यातले एखादे. ते माणूस दुसऱ्या खोलीत गेले की पोपट हाक देतो. उत्तर येत नाही, म्हणून आणखी मोठ्याने देतो. आपण वैतागून “गप्प बैस!” म्हणून ओरडतो. आपल्या दृष्टीने ते रागावणे, पण पोपटाच्या दृष्टीने हाकेला मिळालेले उत्तर. मोठ्याने ओरडले की उत्तर मिळते, हा धडा तो चटकन शिकतो.

आवाजाचे गणित

काकाकुवा किंवा मकाव यांच्या मानाने करडा पोपट शांत समजला जातो. तरी त्याची किंकाळी घरात असह्य होते. यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट वाढते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. जंगलात पानांतून पलीकडे पोचण्यासाठी घडलेली हाक सिमेंटच्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या खोलीत परावर्तित होत राहते. माणसाचे नेहमीचे बोलणे एक मीटरवरून साधारण ६० डेसिबल भरते. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्याची तक्रार म्हणूनच खोटी नसते. पण दोष पक्ष्याचाही नसतो. हाक जंगलाच्या मापाची आहे आणि जागा खोलीच्या मापाची.

पोपटपंचीच्या पलीकडे

१९७७ मध्ये आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधिकेने शिकागोतल्या एका दुकानातून सुमारे वर्षभराचा करडा पोपट आणला. त्याचे नाव अॅलेक्स. शिकवण्याची त्यांची रीत वेगळी होती. पोपटासमोर दोन माणसे एखाद्या वस्तूविषयी बोलत. एक विचारी, दुसरा उत्तर देई. उत्तर बरोबर आले की ती वस्तूच बक्षीस. पोपट हे पाहून मध्ये पडू लागला. अॅलेक्स रंग, आकार, पदार्थ यांची नावे शिकला, सहापर्यंतच्या संख्या ओळखू लागला, “यांत वेगळे काय?” या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तरही देऊ लागला. ६ सप्टेंबर २००७ रोजी तो ३१ वर्षांचा असताना मरण पावला.

या प्रयोगांतला एक भाग शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. इतर करड्या पोपटांना तेच शब्द नुसत्या ध्वनिफितींवरून ऐकवले, तेव्हा ते वस्तूंना नावे देण्यास शिकले नाहीत. समोर माणसे, त्यांचे परस्परांशी बोलणे आणि त्यात आपल्यालाही जागा, असे असले तरच शब्दाला अर्थ चिकटला. ओढ आधी, भाषा नंतर. पोपटपंची हा शब्द आपण पोपटावर लादला. पण नात्याशिवाय पाठ करवून घेतलेले पोपटालाही येत नाही!

ही ओढ माणसापुरतीच नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात करड्या पोपटांनी स्वतःला काही मिळणार नसतानाही, खाऊ मिळवून देणाऱ्या चकत्या शेजारच्या पोपटाला दिल्या. आणि २०१४ मधल्या एका अभ्यासात एकटे ठेवलेल्या करड्या पोपटांच्या गुणसूत्रांची टोके जोडीने राहणाऱ्यांपेक्षा आखूड आढळली. वय आणि ताण यांच्याबरोबर ही टोके झिजतात. एकटेपणा पेशींपर्यंत पोचतो, असा याचा अर्थ.

हाकेचाच सापळा

आफ्रिकेत हे पोपट पकडताना पारधी एक पकडलेला पोपट झाडावर बांधतात आणि फांद्यांना चीक लावतात. बांधलेला पोपट हाका देतो, थवा उत्तर देत खाली उतरतो आणि चिकटतो. नेवाशाच्या दृष्टान्तात पकड हाच सापळा होता, येथे हाक हाच सापळा आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जंगलातून पकडलेले १३ लाखांहून अधिक करडे पोपट आंतरराष्ट्रीय व्यापारात आले. वाटेत मेले ते वेगळेच. घाना देशात १९९२ नंतर त्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या परिषदेत या जातीला वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले आणि जंगलातल्या पक्ष्यांच्या व्यापाराची दारे बंद झाली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी पोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींसाठी २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. कायदा पक्षी कोठून आला हे विचारतो. तो आल्यावर त्याला सोबत कोणाची, हे मात्र घराने स्वतःला विचारायचे असते.

म्हणून कोणी करडा पोपट पाळण्याविषयी विचारले, तर आम्ही एवढेच सांगू. हा पक्षी कदाचित तुमच्या मुलांच्या संसारातही असेल, आणि दिवसभर एकटा राहणे हे त्याच्या घडणीतच नाही. ज्यांच्या घरी तो आधीच आहे, त्यांनी त्याच्या हळू हाकेला लगेच शीळ घालून उत्तर द्यावे, किंकाळीला देऊ नये. खाऊ घालण्याचे काम घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावे. कुरतडायला लाकूड द्यावे आणि रात्रीची पुरेशी झोप मिळू द्यावी. आवाज पुष्कळ कमी होतो. पूर्ण थांबणार नाही, कारण ती त्याची भाषा आहे.

विद्यार्थ्यांसाठी पिंजऱ्याची गरजच नाही. सूर्यास्ताच्या सुमारास नदीकाठी किंवा शाळेच्या मैदानावर दहा मिनिटे उभे राहावे. किती थवे गेले, जोडीने उडणारे किती, मागे पडलेला एखादा पोपट काय करतो, पुढचे त्याला उत्तर देतात का, हे वहीत लिहावे. आठवडाभराच्या नोंदी एकत्र ठेवल्या की वर्गाच्या लक्षात येईल : आपण ज्याला कलकलाट म्हणतो, त्यात प्रत्येक जण कोणाला तरी शोधत असतो.