ओल्या कापसातली अंडी

"जठारपेठेतल्या माणसाला माशांचं काय कळतं?" असं पुण्यातले मित्र मला चिडवतात. त्यांचं चुकत नाही. अकोल्याहून समुद्र पाहायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. मोर्णेच्या पात्रात कित्येकदा पाण्यापेक्षा जलपर्णीच जास्त दिसते. लहानपणी काका गळ घेऊन नदीवर न्यायचे, तेवढीच माझी मासेमारी.

गळाच्या जगात नाव होतं ते बोटीच्या कप्तानाचं, नाहीतर नवं साधन शोधणाऱ्याचं. फिनलंडच्या लॉरी रापालाने १९३६ च्या सुमारास बुचापासून खोटा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली. आज त्याचं नाव जगभरच्या दुकानांत आहे. मला ज्यांची आठवण काढायची आहे ते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी मात्र गळवाल्यांच्या बाहेर कुणाला फारसे ठाऊक नाहीत.

कुलकर्णी महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक होते. त्याआधी १९४० मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या एका चिमुकल्या, पारदर्शक माशाचं वर्णन करून त्याला 'होराइक्थिस सेटनाय' हे नाव दिलं. पण त्यांचं मोठं काम झालं ते महाशीरवर. दख्खनच्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केलं होतं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. गळाला लागला की दोरी तोडून पळणारा हा मासा. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूत अंडी घालतो. नद्यांवर धरणं झाली आणि त्याची वाट अडली.

उपाय शोधला गेला तोही धरणाच्याच काठी. लोणावळ्याला, टाटांच्या वीजकंपनीच्या वळवण तलावापाशी, कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी महाशीरची पैदास बसवली. पावसाळ्यात जाळ्यात आलेल्या मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, त्यांत नराचं रेत मिसळायचं, वाहत्या पाण्यात ती उबवायची. तीन-चार दिवसांत पिल्लं.

पण ही अंडी दूरच्या नदीपर्यंत न्यायची कशी? पाण्याचे डबे जड, त्यात हिंदकळणं, प्राणवायू कमी पडणं. १९७९ मध्ये दोघांनी लिहिलेला छोटासा शोधनिबंध याचं उत्तर देतो: ओल्या कापसात ठेवा आणि विमानाने पाठवा. कापूस ओल धरतो, हवा अडवत नाही, धक्का सोसतो.

हे वाचून मी हसलो. शाळेत आम्ही ओल्या कापसात हरभरा रुजवायचो. अख्खा वऱ्हाड कापसावर जगला, पण त्यात मासा रुजवता येतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत लोणावळ्याच्या महाशीरची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड. १९४६ मध्ये कबिनी नदीत गळाला लागलेला एक १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा होता. गळवाल्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की बाहेरून आलेला वाढत गेला आणि कुबडवाला जवळजवळ दिसेनासा झाला. धरणं, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी हीसुद्धा त्या नदीची दुखणी आहेतच. तरी नव्या पाहुण्यावर बोट ठेवावंच लागतं. २०१८ मध्ये त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख पटली, 'टॉर रेमादेवी'. तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता.

मग कुलकर्णींना आठवायचं कसं? मला वाटतं, दोन्ही गोष्टी एकत्र सांगून. त्यांच्या पिढीला मासा वाचवायचा म्हणजे जास्त पिल्लं सोडायची, एवढंच माहीत होतं आणि ते त्यांनी मनापासून केलं. 'ही नदी कुणाची?' हा प्रश्न नंतर आला. आज कुणी हौसेने पिशवीतले मासे आमच्या मोर्णेत सोडायला निघालं, तर मी त्याला आधी ओल्या कापसाची गोष्ट सांगेन, आणि मग कावेरीची.