विकत घेतलेला सिनेमा कुणाचा?



बी. कॉम.ला आम्हाला मर्कंटाइल लॉ हा विषय होता. त्यातला १९३० चा मालविक्री कायदा मला अजून आठवतो, कारण त्यातली व्याख्या सासरच्या दुकानात रोज डोळ्यांपुढे घडत असे. किंमत घेऊन मालाची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, ती विक्री. स्टीलचा डबा घेतला की डबा माझा. दुकानदार उद्या शटर ओढून सुरतेला निघून गेला, तरी माझ्या फडताळातला डबा तो नेऊ शकत नाही.

आता टीव्हीवरचा सिनेमा घ्या. तिथे दोन बटणं असतात, 'भाड्याने' आणि 'विकत'. भाड्याला कमी पैसे, विकतला जास्त. आपण जास्त पैसे भरतो ते सिनेमा आपला व्हावा म्हणून. मुलं मुंबईला, पुण्याला नाहीतर अमेरिकेला असतात आणि डहाणूत राहिलेल्या आईवडिलांना वाढदिवसाला असे सिनेमे घेऊन देतात. दर महिन्याला पैसे भरून जे पाहतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते सरळसरळ भाडं आहे. भरणं थांबलं की पाहणं थांबलं. मी बोलतेय ते 'विकत' या शब्दाबद्दल. तो समजायचा तर सिनेमाची प्रत आजवर कुणाकुणाच्या हातात होती, ते मागे जाऊन पाहावं लागेल.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. तेव्हा प्रेक्षक विकत घ्यायचा ते फक्त तिकीट. रिळं निर्मात्याची, नाहीतर वितरकाची. चित्रपट गावोगाव फिरून जुना झाला की त्या रिळांना काही किंमत उरत नसे. किंमत असायची ती फिल्मवरच्या चांदीला. चांदीचा अंश काढून घेण्यासाठी जुनी रिळं भंगारात जायची. आपल्या आयाआज्या जुन्या जरीच्या साड्या जाळून जर काढून घ्यायच्या, तसंच ते. साडी गेल्याचं कुणाला वाईट वाटत नसे, जर हाती आली याचंच समाधान.

देशात मूकपट झाले सुमारे १७००. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, पी. के. नायर यांनी आयुष्य घालून गावोगाव रिळं शोधली, तरी पूर्ण किंवा अर्धेमुर्धे असे जेमतेम नऊ-दहाच मूकपट त्यांच्या हाती लागले. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं, एवढंच आज आहे. तेही १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाचं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात. १९३१ चा 'आलमआरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत सापडलेली नाही. आणि त्याच्या पुढच्याच वर्षीचा प्रभातचा 'अयोध्येचा राजा', पहिला मराठी बोलपट, आजही पाहता येतो. दोन्ही चित्रपट त्या काळी गाजलेले. एकाची प्रत कुठेतरी सांभाळली गेली, दुसऱ्याची नाही.

संग्रहालयात गेलं म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या, म्हणजे आताच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेटच्या रिळांना आग लागली. ती फिल्म रॉकेलासारखी पेटते. किती तरी जुनी मूळ रिळं गेली. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर करून ठेवल्या होत्या, ते चित्रपट राहिले.

आता आपल्या शेजारी या. डहाणू रोडला गाडीत बसलं की घोलवड, बोर्डी रोड आणि मग उंबरगाव रोड. राज्य बदलतं, पण भाषा, भाजी आणि सोयरीक तीच राहते. त्या उंबरगावच्या स्टुडिओत रामानंद सागरांची 'रामायण' मालिका तयार झाली. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर. आमच्या गल्लीत तेव्हा टीव्ही असलेल्या घराच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडायचा, आणि ती एक तास दुकानं उघडी असून नसल्यासारखी असायची. 'तिकडे शूटिंगला जाऊन आलो' असं सांगणारे तर तलासरीपासून वापीपर्यंत इतके भेटले, की सगळे खरे असते तर रावणाच्या सैन्याला मैदान पुरलं नसतं!

टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून, तीच मालिका दूरदर्शनने पुन्हा दाखवली आणि नातवंडांनीही पाहिली. टेप जपलेल्या होत्या म्हणून हे झालं. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या वर्षांत टेप महाग असत, म्हणून जुना कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा घेत. कितीतरी मुलाखती, नाटकं, गाणी अशी पुसली गेली.

सिनेमाची प्रत सामान्य माणसाच्या घरात आली ती व्हिडिओ कॅसेटमुळे. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर पसरले. मुंबईची शेमारू ही आज आपण कंपनी म्हणून ओळखतो, पण १९६२ साली ती पुस्तकं भाड्याने देणारं वाचनालय म्हणून सुरू झाली आणि १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने देऊ लागली. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री व्हीसीआर भाड्याने आणून तीन-तीन सिनेमे ओळीने लावायची पद्धत होती, आठवतं ना? तिसरा संपेपर्यंत जागं कुणीच नसायचं.

कॅसेट आपल्या समुद्राकाठच्या हवेत टिकायची नाही. पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी. बुरशी येऊच द्यायची नाही, हा आपला पापडाच्या डब्याचा नियम आपण कॅसेटच्या कपाटाला लावला नाही. मग व्हीसीडी आली, एका सिनेमाच्या दोन चकत्या. मध्यंतराच्या आसपास उठून दुसरी लावायची. २००७ च्या सुमारास मोजर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. किराणा दुकानात साबणाशेजारी सिनेमा टांगलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. ती कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये तिच्या दिवाळखोरीचा निकाल लागून मालमत्ता विकायचा आदेश निघाला. पण तिच्या २८ रुपयांच्या चकत्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याकडे त्या आजही चालतात. कंपनी गेली, माल घरात राहिला. मालविक्री कायद्यात सांगितलेली विक्री ती हीच.

त्यानंतर 'क्लाउड' आला. अ‍ॅपलचं आयट्यून्स दुकान भारतात डिसेंबर २०१२ मध्ये उघडलं, पाठोपाठ गूगलही सिनेमे विकू लागलं. क्लाउड हे नाव ऐकून वर आकाशात काही असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती दूर कुठल्यातरी गोदामातली कंपनीची यंत्रं. सिनेमाची फाइल तिथे असते. आपण पाहायला बसलो की आपलं खातं, आपलं यंत्र आणि आपला देश तपासून कंपनी कुलूप उघडते. 'डाउनलोड' करून घेतलेला सिनेमासुद्धा त्याच कुलपात असतो. कंपनीचं अ‍ॅप बंद झालं की फोनमधली फाइल असून नसल्यासारखी. शिवाय दुकानालाही तो सिनेमा निर्मात्याकडून ठरावीक मुदतीसाठी मिळालेला असतो. म्हणजे जमीन एकाची, खंडाने दुसऱ्याकडे, आणि त्यातला एक वाफा दुसऱ्याने आपल्याला 'विकलेला'. आमच्या डहाणूच्या चिकूच्या वाड्यांचे व्यवहार पाहिलेल्या बाईला असा करार कुणी दाखवला, तर ती सहीच करणार नाही. पण इथे करार बारीक अक्षरात असतो आणि सहीच्या जागी 'मान्य' हे बटण. त्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आपण सिनेमा घेत नाही, पाहण्याचा परवाना घेत आहोत. बटणावर मात्र ठळक अक्षरात 'विकत घ्या'.

याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेलं जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' हे पुस्तक त्यांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतलं. पैसे परत दिले, पण पुस्तक कपाटातून गेलं ते गेलंच. आणि पुस्तक कोणतं, तर सरकार जुने कागद गुपचूप बदलतं अशा गोष्टीचं! अल्ट्राव्हायोलेट नावाच्या सेवेत तीन कोटींहून अधिक खाती होती. ३१ जुलै २०१९ ला ती बंद झाली. ज्यांनी आधीच दुसऱ्या दुकानाशी खातं जोडलं होतं, त्यांचे सिनेमे बहुतेक वाचले. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनवर विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीला काढून टाकणार असं कळवलं. ओरड झाली, मग तो निर्णय फिरवला. एप्रिल २०२४ मध्ये फ्युनिमेशन बंद झालं, तेव्हा लोकांना डीव्हीडीसोबत मिळालेल्या डिजिटल प्रती गेल्या. हातातली डीव्हीडी तेवढी राहिली. गूगलनेही जानेवारी २०२४ मध्ये आपलं जुनं सिनेमांचं दुकान आवरून लोकांचे सिनेमे यूट्यूबमध्ये हलवले. तिथे काही हरवलं नाही हे खरं, पण घरातल्या वयस्कर माणसाला रोजच्या जागी बटण सापडलं नाही, तर त्याच्या लेखी सिनेमा हरवलाच.

कॅलिफोर्नियाने यावर २०२४ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. देणार आहात परवाना, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' म्हणू नका, इतकाच त्याचा मुद्दा. आपल्याकडे उलट बाजूचा नियम मात्र पक्का आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आलं. हक्क डावलण्याच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कंपनीच्या कुलपाला कायद्याचं संरक्षण आहे, आपल्या 'विकत'ला तेवढं नाही.

या विषयावर लिहायचं ठरवलं ते तलासरीच्या एका भाभींमुळे. त्यांच्या यजमानांना जुन्या चित्रपटांचा फार नाद. निवृत्तीनंतर त्यांनी पन्नासेक सिनेमे असे विकत घेतले होते, रोज रात्री जेवण झाल्यावर दोघं मिळून अर्धा-अर्धा पाहायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. वर्षभराने मुलाने त्यांचा मोबाइल नंबर बंद केला, आणि मग टीव्ही बदलल्यावर नव्या टीव्हीने ओटीपी मागितला. तो जाणार त्या बंद नंबरवर. कंपनीला लिहिलं. उत्तर नम्र होतं: खातं एका व्यक्तीचं असतं, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. भाभींनी मला विचारलं, "बँकेला वारस लावला, पोस्टाला लावला, शेअरला लावला. याला कुठे लावायचा होता?" याला वारस लावायचा रकानाच नाही. यजमानांच्या सोन्याची, घराची, दुकानाची वाटणी झाली, पण ज्या सिनेमांपुढे दोघांच्या संध्याकाळी गेल्या, ते कुणाच्याच वाट्याला आले नाहीत. चोपड्यात आपण अशा रकमेची नोंद 'मालमत्ता' म्हणून करतो की 'खर्च' म्हणून, यावर माझा आणि मुलाचा वाद झाला. तो सीए आहे. तो म्हणाला, खर्च. मला पटलं, पण मग दुकानाने तसं आधी सांगावं.

मालकी म्हटलं की मला 'मंथन' आठवतो. १९७६ चा श्याम बेनेगलांचा हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये काढून केला. इतके मालक असूनही मूळ निगेटिव्ह खराब झाली होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुण्याच्या संग्रहालयातल्या त्याच निगेटिव्हवरून तो पुन्हा नीट केला आणि मे २०२४ मध्ये कानच्या महोत्सवात दाखवला. निगेटिव्ह एका कपाटात ठेवलेली होती म्हणून दुरुस्त करता आली.

घरात जे करता येतं ते मी मैत्रिणींना सांगत असते. ज्या सिनेमाशिवाय चैन पडणार नाही, त्याची डीव्हीडी मिळत असेल तर घेऊन ठेवा. चालणारा प्लेअर भंगारवाल्याला देऊ नका. व्हीसीआर तर आता नवा मिळतच नाही. जगातली शेवटची बनवणारी जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणून लग्नाच्या, दीक्षेच्या, बारशाच्या कॅसेट अजून पडून असतील तर या हिवाळ्यातच उतरवून घ्या. त्या आपल्याच आहेत, तिथे कुणाचं कुलूप नाही. एक प्रत स्वतःकडे, एक मुलीकडे. चकत्या उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डिजिटल दुकानाचं खातं ज्या नंबरवर आहे, तो नंबर बंद करण्याआधी खात्यात दुसरा नंबर आणि ईमेल घाला. आणि पैसे घेऊन सिनेमा मिळाला नाही, किंवा घेतलेला गायब झाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. भरलेल्या पैशांची पावती समोर ठेवून फोन करा, आणि पावतीवर 'खरेदी' असा शब्द असेल तर तो त्यांना वाचून दाखवा.