महापुरातील निरोप

पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री नदी बडोदे शहराच्या मध्यातून वाहते. शहराच्या पूर्वेस, सुमारे 20 किलोमीटरांवर, महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकीर्दीत बांधलेले आजव्याचे सरोवर आहे. ते भरले म्हणजे जादा पाणी विश्वामित्रीत उतरते; मात्र शहर गाठण्यास त्याला काही अवधी लागतो. बडोद्याची सुरक्षितता या अवधीवर अवलंबून आहे. पाण्याआधी निरोप पोहोचला तर माणसे वाचतात. पाणी आधी पोहोचले तर निरोपाला अर्थ उरत नाही.

दवंडी आणि घोडेस्वार यांचे हे काम एकोणिसाव्या शतकात तारायंत्राने व पुढे दूरध्वनीने उचलले. परंतु ही दोन्ही साधने खांबांवर आणि तारांवर जगणारी. 1927 च्या जुलैत गुजरातेत प्रलयंकारी वृष्टी झाली, तेव्हा लोहमार्ग व तारा तुटून खेडी एकाकी पडली. वल्लभभाई पटेल यांच्या प्रेरणेने निघालेले स्वयंसेवक चिखलपाणी तुडवीत गावोगाव गेले. तार जेथे मुकी झाली, तेथे माणसाच्या पायांनी निरोप वाहिला.

11 ऑगस्ट 1979 रोजी सौराष्ट्रात मच्छू नदीवरील दुसरे धरण फुटले. पावसाने संदेशवहन आधीच कोलमडले होते. मोरवी शहराला वेळेवर इशारा मिळाला नाही आणि हजारोंवर मृत्यू ओढवला. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात कच्छमधील दूरध्वनी बंद पडले. त्या वेळी हौशी बिनतारी संदेशकांनी आपली यंत्रे नेऊन भूजचा बाह्य जगाशी संबंध जोडून दिला. बिनतारी लहरींना वाटेत खांब लागत नाहीत. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. यंत्रास पुरते ते मोटारीतील विजेरीचे बळ. भूकंपानंतर काही दिवसांतच गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी तुकडी तर बडोद्याजवळच जरोद येथे आहे.

बचावपथकांच्या हातातील लहान बिनतारी यंत्राचा एक गुण विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. दूरध्वनीवर दोघेच बोलतात; येथे एक बोलतो आणि सारे पथक ऐकते. नाव कोणत्या गल्लीत शिरली, दोर कोठे हवा, हे प्रत्येकास वेगळे कळवावे लागत नाही. मात्र एकाने कळ दाबून धरली असता इतरांचा आवाज अडतो; म्हणून थोडके आणि स्पष्ट बोलणे ही तेथील पहिली शिस्त होय.

31 जुलै 2019 रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट 2024 मध्ये, 26 फूट ही धोक्याची पातळी असलेली विश्वामित्री काळा घोडा पुलापाशी 35 फुटांच्याही वर गेली. पाण्यात बुडालेल्या वस्त्यांतील वीज तोडावी लागते. मग भ्रमणध्वनीची विजेरी उतरते, मनोऱ्यांचेही बळ संपत जाते. आकाशातून उपग्रहाने टिपलेला मेघ शास्त्रज्ञांना दिसतो. परंतु नदीकाठच्या खोलीत एकटी निजलेली वृद्धा त्या मेघाविषयी काहीच जाणत नसते.

शंभर वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट सांगतो. एका साधनावर विसंबलेले शहर त्या साधनाबरोबरच मुके होते; म्हणून प्रत्येक मार्गाला दुसरा मार्ग हवा. आणि यंत्र कितीही दूरचे बोलणारे असो, अखेरचे दार ठोठावण्यास शेजाऱ्याचाच हात लागतो.